विंडोजचा कारभार

सिरसाळ्यात अर्ज भरण्याच्या दुकानापुढे रांग लागावी आणि नेमका तेव्हाच संगणक ‘अद्ययावत होत आहे’ म्हणून अडून बसावा! लोक चिडतात ते समोरच्या पोरावर. आम्ही त्या पोराच्या बाजूचे. पण हा खोळंबा निरर्थक नव्हे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका भगदाडाला ठिगळ दिले. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ त्याच भगदाडातून जगभर घुसला. ज्यांनी ठिगळ लावले नव्हते, त्यांच्या फायलींना कुलूप लावून खंडणी मागितली गेली. कामाचे तास यंत्राला आधी सांगून ठेवता येतात. त्या वेळात ते आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होत नाही.

विंडोज मात्र आपल्या मालकीचे होत नाही. मिळतो तो वापराचा परवाना. विंडोज १० ची नेहमीची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. पुष्कळशा धडधाकट जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. नव्या यंत्राचा खर्च दुकानमालकाचा. पोराच्या पगारातून तो कापू नये.