जुन्या इंदुरात भाड्याची गाडी कोठे उभी करावी?

सुट्टीचे दिवस जवळ आले की आमच्या वाचकांपैकी पुष्कळ कुटुंबे प्रवासाचे बेत आखू लागतात. चार-दोन घरांनी मिळून एक गाडी भाड्याने घ्यावी, देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे सिस्टर राणी मारिया यांच्या समाधीपाशी प्रार्थना करावी आणि जाता-येता इंदूर पाहावे, असा बेत कित्येक घरी होत असेल. सिस्टर राणी मारिया यांस ४ नोव्हेंबर २०१७ रोजी धन्यवादित घोषित करण्यात आले, तो सोहळा इंदुरातच झाला. इंदूर शहरही पाहण्याजोगे आहे, आणि मराठी माणसास ते परके वाटत नाही. अडचण एकच येते, ती म्हणजे बरोबर आणलेल्या गाडीचे करावयाचे काय?

ही अडचण समजून घ्यावयाची तर शहराची घडण पाहिली पाहिजे. खान आणि सरस्वती या नद्यांच्या परिसरातील जुनी इंदूर ही वस्ती होळकरांच्या राज्याच्याही आधीची, जमीनदारांच्या काळची आहे. पुढे मल्हारराव होळकरांनी १७४७ च्या सुमारास राजवाड्याचे काम आरंभिले. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली आणि राजवाड्याभोवती सराफा, बर्तन बाजार, कापड बाजार अशा पेठा दाटल्या. या गल्ल्या पायी चालणाऱ्यांसाठी, पालख्या-मेण्यांसाठी आणि फार तर एखाद्या बैलगाडीसाठी झाल्या. त्यांत आज दहा-बारा माणसांची गाडी शिरली की तिला पुढे जाता येत नाही आणि मागेही वळता येत नाही.

मग या गल्ल्या पाडून रुंद का केल्या नाहीत, असे कोणी विचारील. हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही पुढे आला होता. पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकारास होळकर दरबाराने पाचारण केले. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाचा एक मुख्य विचार असा, की जुनी घरे सरसकट पाडून रस्ते काढू नयेत. जेथे अगदीच अवश्य तेथेच थोडी मोकळीक करावी आणि लोकांची वस्ती राखावी. त्याच सुमारास शहरात प्लेगचे भय होते. गेडिसने दिवाळीच्या सणात एक मोठी मिरवणूक काढविली आणि जी आळी आपली घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ ठेवील तिच्यातून ती जाईल, असे जाहीर केले. मिरवणुकीचा मान मिळावा म्हणून लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून लखलखीत केल्या. २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांत सलग पहिला क्रमांक मिळविणाऱ्या या नगरीस तो प्रसंग शोभून दिसतो. तात्पर्य, या गल्ल्या अरुंद राहिल्या त्या माणसे तेथे राहावीत म्हणून.

म्हणूनच आपली गाडी गल्लीच्या तोंडाशी ‘पाच मिनिटांकरिता’ उभी करण्याआधी आपण विचार करावा. ज्यास आपण प्रेक्षणीय स्थळ म्हणतो ते कोणाचे तरी अंगण असते. त्या पाच मिनिटांत हातगाडीवाल्याचा माल अडतो, म्हाताऱ्या माणसास भर वाहतुकीतून वळसा घालावा लागतो. आणि दैववशात् त्याच वेळी कोणी अत्यवस्थ झाले, तर रुग्णवाहिका मोठ्या रस्त्यावरच खोळंबते. आगीचे भय तर इंदुरास नवे नाही. खुद्द राजवाडा १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने जाळला आणि १९८४ च्या दंगलीत तो पुन्हा जळाला. त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी होते. लाकडी माड्यांच्या पेठेत बंबाची वाट अडविणे किती घातक, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

दूरदेशी याच प्रश्नावर कडक उपाय योजिले आहेत. इटलीतील रोम, फ्लॉरेन्स अशा नगरांत जुन्या वस्तीभोवती मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र आखले आहे. परवान्यावाचून आत शिरलेल्या गाडीचा क्रमांक कॅमेरा टिपतो. गाडी भाड्याची असल्यास दंडाची सूचना गाडीच्या मालकाकडे जाते, तो प्रवाशाचे नाव कळवितो, त्याबद्दल वेगळा आकार घेतो, आणि प्रवासी घरी परतल्यावर कित्येक महिन्यांनी त्याच्या दारी दंडाचे पत्र येते. तेथे रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषा विनामूल्य जागेच्या, निळ्या रेषा पैसे भरून गाडी ठेवण्याच्या आणि पिवळ्या रेषा राखीव जागेच्या असतात. रोमच्या यात्रेस जाणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

इंदुरात मात्र थोड्या विवेकाने काम भागते. राजवाड्याजवळ सुभाष चौकात बहुमजली वाहनतळ आहे. गाडी उंच असल्यास तीस आत प्रवेश मिळेल काय, हे आधी विचारावे. न मिळाल्यास बाहेरच्या रुंद रस्त्यावरील अधिकृत जागी ती ठेवावी आणि पेठेत रिक्षाने यावे. एकदा गाडी ठेविली की राजवाडा, गोपाळ मंदिर, नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि शेठ हुकुमचंदांनी बांधविलेले काच मंदिर ही सर्व पायीच पाहावीत. ती एकमेकांपासून फार दूर नाहीत. सराफ्यात रात्री सोन्याची दुकाने मिटली की खाद्यपदार्थांचा बाजार भरतो. तेथे तर गाडी नेण्याचा विचारही करू नये. लालबाग राजवाडा मात्र काहीसा दूर असल्याने तेथे गाडीने जाणे सोयीचे.

भाड्याच्या गाडीविषयी आणखी काही सूचना. स्वतः चालविण्यास दिलेल्या गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात भाड्याने देऊ केल्यास मोहात पडू नये. अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. चौक, वळण, पदपथ, शाळा व रुग्णालयाचे दार, बसथांबा आणि दुसऱ्याच्या घराचा प्रवेश, येथे गाडी उभी करण्यास कायद्याने मनाई आहे. निषिद्ध जागी ठेविलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात आणि नेण्याचा खर्चही द्यावा लागतो. दंडाची नोंद गाडीच्या क्रमांकावर होते व ती मालकाकडे पोहोचते. मग ती रक्कम आपल्या अनामतीतून वजा होते. म्हणून करार नीट वाचावा, वाहनतळाची पावती जपून ठेवावी, आणि गाडी घेताना व परत करताना चारही बाजूंनी तिची छायाचित्रे काढावीत. जी अनामत घरच्या काटकसरीतून उभी राहिली, ती निष्काळजीपणाने गमाविणे बरे नव्हे.

शेवटी चालकाविषयी दोन शब्द. आपण छत्र्या पाहत हिंडत असताना तो गाडीपाशी उन्हात ताटकळत असतो. ‘येथेच थांब, कोणी काही म्हणत नाही’ असे सांगून आपण त्याला निषिद्ध जागी उभे करतो, आणि प्रसंग आला की पोलिसाचे बोल त्याला ऐकावे लागतात. त्याला योग्य जागी गाडी लावू द्यावी, परतण्याची वेळ ठरवून सांगावी आणि आपल्याबरोबर त्याच्याही जेवणाची व्यवस्था करावी. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रवासात आपला शेजारी म्हणजे आपला चालक, आणि ज्याच्या दारासमोर आपण गाडी उभी करतो तो अनोळखी गृहस्थ. त्याचे दार मोकळे ठेवावे आणि मग निश्चिंत मनाने इंदूर पाहावे.