शर्करेपासून प्रथिनांची राखण : एका शतकाचा मागोवा

पेशीला ऊर्जा पुरवणारी शर्करा तिच्याच प्रथिनांना हळूहळू निकामी करते, ही जाणीव वैद्यकशास्त्रात रुजायला विसाव्या शतकाची अखेरची तीन दशके उजाडावी लागली. परंतु या हानीपासून पेशीचे रक्षण करणारे एक प्रमुख एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, १९१३ सालीच सापडलेले होते. त्याचे खरे काम ओळखायला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला, आणि या विषयाचा इतिहास मुख्यतः त्या विलंबाचा इतिहास आहे.

फ्रेंच रसायनज्ञ लुई-कामी मायार याने १९१२ साली अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे मूळ घटक, शर्करेबरोबर तापवली असता द्रावण तपकिरी होते असे नोंदवले. भाजलेल्या पावाचा रंग आणि खमंगपणा याच अभिक्रियेतून येतो, त्यामुळे पुढची अनेक दशके तिचा अभ्यास प्रामुख्याने अन्नरसायनाच्या अंगाने झाला. एन्झाइमच्या मदतीशिवाय शर्करा प्रथिनाला चिकटण्याच्या या क्रियेला आज ग्लायकेशन म्हणतात. तिच्या पहिल्या टप्प्यात तयार होणारी जोडणी काही अंशी उलटवता येते, पण कालांतराने तिचे रूपांतर न सुटणाऱ्या संयुगांत होते आणि शेजारशेजारचे प्रथिनरेणू एकमेकांना जखडले जातात.

मायारच्या निबंधानंतर वर्षभरातच डेकिन आणि डडली यांनी, तसेच स्वतंत्रपणे नॉयबर्ग यांनी, मिथिलग्लायोक्झाल या अत्यंत क्रियाशील पदार्थाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करणारी यंत्रणा प्राण्यांच्या ऊतींमध्ये दाखवली, आणि तिला ग्लायोक्झालेज हे नाव मिळाले. ग्लुकोजच्या विघटनाच्या मार्गावरील मधला टप्पा म्हणजे मिथिलग्लायोक्झालच असावे, असा तर्क त्या काळी सर्वांना पटण्याजोगा होता. मात्र १९३२ साली लोमान यांनी या यंत्रणेला ग्लुटाथायोन या लहान रेणूची गरज असते असे सिद्ध केले, आणि ग्लुटाथायोन काढून टाकलेल्या स्नायूच्या अर्कातही लॅक्टिक आम्ल तयार होतच राहते असे दिसल्यावर तो तर्क कोसळला. राकर यांनी १९५१ साली ही यंत्रणा दोन एन्झाइमांची असल्याचे उलगडून दाखवले, तरीही पेशीला तिचा उपयोग काय, हा प्रश्न तसाच राहिला. कोलकात्यात मंजू राय यांच्यासारख्या मोजक्या संशोधकांनी मिथिलग्लायोक्झालचा अभ्यास त्यानंतरही चिकाटीने चालू ठेवला, याची नोंद भारतीय वाचकाने आवर्जून घ्यावी.

दरम्यान हानीचा पुरावा वेगळ्याच दिशेने आला. तेहरानमध्ये सॅम्युएल राहबर यांना १९६८ साली मधुमेहींच्या रक्तात हिमोग्लोबिनचे एक वेगळे रूप आढळले, आणि पुढील काही वर्षांत ते म्हणजे ग्लुकोज चिकटलेले हिमोग्लोबिन आहे हे स्पष्ट झाले. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे या हिमोग्लोबिनच्या प्रमाणावरून मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेचा सरासरी अंदाज बांधता येतो. आज घरोघरी परिचित झालेली एचबीए१सी चाचणी ती हीच. जी प्रथिने याहून फार जास्त काळ टिकतात त्यांची स्थिती अर्थातच अधिक बिकट असते: डोळ्याच्या भिंगातील क्रिस्टलिन जवळपास जन्मभर बदलले जात नाही, आणि कूर्चेतील कोलॅजेनचे अर्धे प्रमाण बदलायला लागणारा काळ शंभर वर्षांहूनही मोठा असल्याचे मोजमाप झाले आहे. वाढत्या वयाबरोबर रक्तवाहिन्यांना येणारा ताठरपणा आणि भिंगाला येणारी पिवळसर झाक यांत अशा साचलेल्या संयुगांचा वाटा आहे. बन आणि हिगिन्स यांनी १९८१ साली याच संदर्भात एक विलक्षण विचार मांडला: ग्लुकोजचा रेणू बहुतांश काळ बंद कड्याच्या रूपात राहतो, म्हणून इतर साध्या शर्करांच्या तुलनेत तो प्रथिनांना सर्वांत कमी चिकटतो, आणि उत्क्रांतीत त्याचीच मुख्य इंधन म्हणून निवड होण्यामागे हे कारण असू शकते.

यानंतर संशोधकांचे लक्ष बाहेरून द्यावयाच्या औषधांकडे वळले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील सेरामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली अमिनोग्वानिडीन हे द्रव्य मधुमेही उंदरांच्या धमन्यांमधील कोलॅजेनचे जखडणे रोखते असे दाखवले. परंतु मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांवरील चाचण्यांतून ते मान्यताप्राप्त उपचार होऊ शकले नाही. पेशी स्वतः काय करते, याची विचारपूस त्या उत्साहात मागे पडली, हे मान्य केले पाहिजे.

ती विचारपूस १९९०च्या दशकात इंग्लंडमध्ये पॉल थॉर्नली यांनी नेटाने पुढे नेली. ग्लुकोजचे विघटन होत असताना तीन कार्बन असलेल्या मधल्या रेणूंपासून मिथिलग्लायोक्झाल आपोआप निसटत राहते, ते ग्लुकोजपेक्षा हजारो पटींनी क्रियाशील असते आणि प्रथिनांतील अर्जिनिन या अमिनो आम्लावर विशेषेकरून हल्ला करते. ग्लुटाथायोन त्याला धरून ठेवते, ग्लायोक्झालेजचे पहिले एन्झाइम त्या जोडीचे रूप बदलते, दुसरे तिचे विभाजन करून निरुपद्रवी लॅक्टिक आम्ल आणि पुन्हा वापरता येणारे ग्लुटाथायोन मोकळे करते. म्हणजे ही यंत्रणा ऊर्जेच्या मार्गावर नसून त्या मार्गावरून सांडणाऱ्या विषाच्या बंदोबस्तासाठी आहे. पहिल्या एन्झाइमचे प्रमाण वाढवलेले सूत्रकृमी अधिक काळ जगतात असे २००८ साली दिसले. त्याहून बोलका प्रयोग २०१४ सालचा आहे: हे एन्झाइम कमी केलेल्या, मधुमेह नसलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात मधुमेहासारखे बदल झाले, तर ते वाढवलेल्या मधुमेही उंदरांची मूत्रपिंडे रक्तशर्करा चढी असूनही सुरक्षित राहिली.

विष अडवण्यापलीकडे, एकदा चिकटलेली शर्करा सोडवण्याची सोयही पेशीत आहे, हे २०००च्या सुमारास ब्रसेल्समधील व्हान स्खाफ्टिंगेन आणि फिलाडेल्फियातील श्वेरगोल्ड यांच्या गटांनी दाखवले. फ्रुक्टोसामीन-३-कायनेज हे एन्झाइम चिकटलेल्या शर्करेच्या तिसऱ्या कार्बनवर फॉस्फेट बसवते, त्यामुळे ती जोडणी अस्थिर होऊन गळून पडते आणि लायसिन हे अमिनो आम्ल पूर्ववत होते. हा शोध सर्वस्वी सुखद मात्र नाही, कारण यकृताच्या काही कर्करोगांना चालना देणारे एनआरएफ२ हे प्रथिन याच एन्झाइमच्या आधारावर कार्यक्षम राहते, असे २०१९ साली आढळले. त्यामुळे ही दुरुस्ती सरसकट वाढवणारे औषध हितकारक ठरेल असे गृहीत धरता येत नाही.

डीजे-१ या प्रथिनाची कथा अजून ताजी आहे. त्याच्या जनुकातील दोषामुळे तरुण वयात पार्किन्सन रोग होतो, हे २००३ साली सिद्ध झाले होते. पॅरिसमधील संशोधकांनी २०१५ साली, हे प्रथिन मिथिलग्लायोक्झालने बाधित प्रथिने थेट दुरुस्त करते, असा दावा केला, तेव्हा पुष्कळांना तो पटला. पण सुरुवातीची सैल जोडणी आपोआप सुटत-जुळत असते, त्यामुळे मोकळे मिथिलग्लायोक्झाल नष्ट केले तरी दुरुस्तीचाच भास होतो, हा आक्षेप अधिक सबळ ठरला. ब्रसेल्समधूनच २०२२ साली वेगळे उत्तर पुढे आले: ग्लुकोजच्या विघटनातील एका फॉस्फेटयुक्त रेणूपासून आपोआप बनणारा, प्रथिनांच्या अमिनो गटांना तत्काळ चिकटणारा एक कड्यासारखा पदार्थ डीजे-१ वेळीच नष्ट करते, आणि हे प्रथिन नसलेल्या पेशींमध्ये त्या पदार्थाने बाधित झालेली प्रथिने साचत जातात.