औषधयोजना, संगणकीय
औषधयोजना, संगणकीय : रुग्णास द्यावयाच्या औषधाचे नाव, मात्रा, ते देण्याचा मार्ग, वेळा व कालावधी यांविषयीची डॉक्टरांची सूचना हाताने न लिहिता संगणकात नोंदविणे, रुग्णाच्या माहितीशी ती ताडून पाहणे आणि औषधतज्ञ व परिचारिका यांच्यापर्यंत पोहोचविणे, या पद्धतीस संगणकीय औषधयोजना म्हणतात. औषध ठरविल्यापासून ते रुग्णास प्रत्यक्ष दिले जाईपर्यंत होणाऱ्या चुका टाळणे, हा तिचा मुख्य हेतू होय.

चुकांचे स्वरूप : हस्तलिखित चिठ्ठीतील दोष अनेक प्रकारचे असतात. ‘युनिट’ या शब्दाचे इंग्रजी आद्याक्षर घाईत शून्यासारखे वाचले गेल्यास इन्शुलिनाची मात्रा दहापट होते. नामसादृश्यही घातक ठरते. लासिक्स हे मूत्रल औषध व लोसेक हे जठरातील अम्ल कमी करणारे औषध यांची गल्लत होऊ लागल्याने अमेरिकेत १९९० साली लोसेकचे नाव बदलून प्रायलोसेक करण्यात आले. याखेरीज पेनिसिलिनाची ॲलर्जी लक्षात न राहणे, वृक्काचे (मूत्रपिंडाचे) कार्य मंदावले असता मात्रा कमी न करणे, तसेच वॉरफेरीन घेणाऱ्या रुग्णास ॲस्पिरीन देऊन रक्तस्रावाचा धोका वाढविणे, या चुका अक्षर सुवाच्य असले तरी होतात.

इतिहास : कॅलिफोर्नियातील एल कॅमिनो रुग्णालयात १९७१ पासून वैद्यकीय सूचना संगणकात नोंदविण्याची प्रणाली वापरात येऊ लागली. इंडियानापोलिस येथील क्लेमेंट मॅक्डॉनल्ड यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, संगणकाने योग्य वेळी आठवण करून दिल्यास डॉक्टरांकडून राहून जाणाऱ्या गोष्टी कमी होतात. अशा चुकांचे मूळ अज्ञानात नसून एकाच वेळी पुष्कळ माहिती ध्यानात ठेवण्याच्या मानवी मर्यादेत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने १९९९ साली प्रसिद्ध केल्यानंतर या विषयाकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले.

कार्यपद्धती व परिणाम : डॉक्टर औषधाचे नाव व मात्रा ठरावीक यादीतून निवडतात. संगणक रुग्णाचे वय, वजन, ॲलर्जी, चालू औषधे व प्रयोगशाळेतील तपासण्या यांच्याशी त्यांचा मेळ घालतो व विसंगती आढळल्यास इशारा देतो. औषध देतेवेळी परिचारिका रुग्णाच्या मनगटपट्टीवरील व औषधाच्या वेष्टनावरील बारकोड यंत्राने वाचून पडताळणी करते. बॉस्टन येथील ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात संगणकीय नोंदणीनंतर गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच रुग्णालयातील २०१० सालच्या अहवालानुसार बारकोडमुळे औषध देण्यातील चुका (वेळेच्या चुका वगळता) ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या.

नवे धोके : संगणक जुन्या चुका कमी करतो, पण काही नव्या चुकांना वावही देतो. पिट्सबर्ग येथील बालरुग्णालयात प्रणाली घाईने सुरू केल्यानंतर बाहेरून आणलेल्या बालरुग्णांचा मृत्युदर २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे २००५ मध्ये नोंदले गेले. रुग्ण दाखल होण्यापूर्वी सूचना नोंदविता येत नसल्याने उपचारांस विलंब होणे, हे त्यामागील एक संभाव्य कारण मानले गेले. सिअॅटल येथील बालरुग्णालयात मात्र त्याच प्रकारच्या प्रणालीनंतर मृत्युदर वाढला नाही. यावरून यंत्राइतकीच ते कामात रुळविण्याची रीतही महत्त्वाची असल्याचे दिसते.

दुसरा धोका इशाऱ्यांच्या अतिरेकाचा होय. निरनिराळ्या अभ्यासांत ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टरांनी डावलल्याचे आढळले आहे. क्षुल्लक इशाऱ्यांच्या गर्दीत खरा इशाराही दुर्लक्षिला जातो. सॅन फ्रॅन्सिस्को येथील एका रुग्णालयात २०१३ साली डॉक्टरांनी १६० हा आकडा मिलिग्रॅम समजून नोंदविला. पडद्यावरील एकक मात्र ‘शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे मिलिग्रॅम’ असे होते. परिणामी सोळा वर्षांच्या मुलास एका गोळीऐवजी साडेअडतीस गोळ्या दिल्या गेल्या. डॉक्टर व औषधतज्ञ या दोघांनीही इशारा डावलला. बारकोडनेही दुजोराच दिला, कारण गोळ्या नोंदीबरहुकूमच होत्या. मुलास आकडी आली, परंतु तो बचावला. नोंदीशी औषध जुळते की नाही, हे बारकोड सांगतो. मूळ नोंद योग्य आहे की नाही, हे सांगत नाही.

भारतातील स्थिती : औषधांची मूळ नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला. दूरवैद्यकविषयक मार्गदर्शक तत्त्वांमुळे २०२० पासून दूरस्थ सल्ल्यानंतर औषधयोजना इलेक्ट्रॉनिक रूपात पाठविण्यास स्पष्ट आधार मिळाला, तर आयुष्मान भारत डिजिटल मिशनाद्वारे २०२१ पासून रुग्णांच्या नोंदी परस्परांशी जोडण्याचे कार्य देशभर हाती घेण्यात आले. येथे एकच औषध अनेक व्यापारी नावांनी विकले जाते. त्यामुळे प्रत्येक नावामागील मूळ द्रव्य ओळखणारी अचूक सूची प्रणालीत नसेल, तर एकच द्रव्य दोन नावांनी दुप्पट दिले जाण्याचा संभव राहतो.

इशारे मोजके व अर्थपूर्ण असणे, एकके पडद्यावर ठळक दिसणे, प्रणाली बंद पडल्यास पर्यायी व्यवस्था असणे आणि मात्रा विपरीत वाटल्यास कनिष्ठ कर्मचाऱ्यानेही निःसंकोच विचारणा करणे, या गोष्टींवर या पद्धतीची सुरक्षितता अवलंबून असते. संगणकाची पडताळणी ही मानवी विवेकाला जोड आहे. ती त्याची जागा घेऊ शकत नाही.