वालचंदांची मोटार, चिंचोळीचा कॅमशाफ्ट

मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला थाटात निरोप दिला. सिनेमातली काळी-पिवळी आली, पावसातली काळी-पिवळी आली, टपावरच्या कॅरियरवर बांधलेल्या वळकट्या आल्या. सोलापूरचं नाव मात्र फारसं कुठे आलं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटलं. ती गाडी ज्या कारखान्यातून निघाली, तो उभा करणारा माणूस आमच्या गावचा. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा.

सोलापूरकराला वालचंद हे नाव कॉलेजमुळे तोंडपाठ असतं. पण त्या नावामागचा मोटारीचा ध्यास इथल्या पोरांना कुणी सांगत नाही. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. त्यात या मुलाचं मन रमेना. फाटक नावाच्या भागीदाराबरोबर त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांच्या कामाचं कंत्राट घेतलं आणि तिथून पुढे जे काही चाकावर, पाण्यावर किंवा हवेत चालतं, त्याच्या मागे ते लागले. 1919 मध्ये त्यांच्या सिंदिया जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली. इंदापूर तालुक्यात ऊस आणि साखरेचं वालचंदनगर वसलं. मोटारीचं स्वप्न तिसाच्या दशकातलं. सर विश्वेश्वरय्यांनी मोटार कारखान्याची योजना आखली होती, मुंबई प्रांतातलं खेर मंत्रिमंडळही अनुकूल होतं. पण इंग्रज सरकारला हिंदुस्थानात मोटार बनायला नको होती. परदेशी गाड्यांचे सुटे भाग आणून इथे जोडावेत, एवढंच त्यांना पुरेसं वाटत होतं.

1939 मध्ये वालचंद क्रायस्लर कंपनीशी बोलणी करायला अमेरिकेत गेले. परतीच्या विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमानधंद्यातल्या अमेरिकन माणसाशी पडली आणि त्या ओळखीतून डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. मोटारीसाठी निघालेला माणूस विमानाचा कारखाना पदरात पाडून आला! मोटार मात्र त्यांनी सोडली नाही. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि 1947 मध्ये क्रायस्लरच्या सहकार्याने तिथून गाड्या निघू लागल्या. फियाटशी करार झाला तो पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला. वालचंद 8 एप्रिल 1953 रोजी गेले. आपल्या कारखान्याची फियाट घरोघरी पोचलेली त्यांना पाहायला मिळाली नाही.

ती पोचली मात्र खरी. इथेच गाडी बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल त्यांनीच राहावं, असं सरकारने 1953 मध्ये ठरवलं आणि जनरल मोटर्ससारख्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मैदानात उरल्या मुख्यतः तीन: कलकत्त्याजवळची अँबॅसेडर, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली फियाट. आधी गोल नाकाची फियाट 1100, जिला मराठी मुलखात लोक सर्रास डुक्कर फियाट म्हणत. मग 1964 मध्ये चौकोनी ठेवणीची डिलाइट, तीच पुढे प्रेसिडेंट आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. पुढची सीट सलग बाकासारखी, त्यामुळे ड्रायव्हरशेजारी दोन माणसं सहज, आणि लग्नसराईत एखादं पोर मांडीवर.

जुन्या गाडीचं प्रेम म्हणजे गेलेल्या दिवसांचं हळवेपण, असं बहुतेकांना वाटतं. माझं तसं नाही. मला फियाट आवडते कारण ती कळते. बॉनेट उघडलं की सगळं समोर असतं. पेट्रोल कुठून येतं, हवा कुठून येते, ठिणगी कुठे पडते, हे डोळ्यांनी माग काढत सांगता येतं. डिस्ट्रिब्युटरचंच घ्या. झाकणाच्या दोन क्लिपा सोडवायच्या, रोटर वर ओढून काढायचा, की खाली पॉइंट दिसतात. मधला चौकोनी दांडा फिरला की त्याचे कोपरे एकेक करून पॉइंट उघडतात आणि दर उघडण्याला एक ठिणगी. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतली. पॉइंटची तोंडं जळून काळी पडली, की बारीक पॉलिश पेपर दुमडून मधून ओढायचा, फीलर गेजची पाती सरकवून पाहायची आणि स्क्रू आवळायचा. पाती अडखळत, पण न अडता सरकली पाहिजे. हा अंदाज हाताचा असतो. पुस्तकातला आकडा सगळ्यांना ठाऊक असतो, पण चांगल्या मिस्त्रीच्या बोटांना ती फट आधीच कळलेली असते.

सोलापूर हे अशा बोटांचं गाव. गिरण्यांनी आणि यंत्रमागांनी इथे फिटर, टर्नर, लेथवाले घडवले. मागाचा घासलेला भाग बनवून देणारा लेथवाला मोटारीचं बुशही बनवून देई. पूर्व भागातल्या गॅरेजांत एका गाडीवर तीन भाषा चालतात: मालक मराठीत तक्रार सांगतो, मिस्त्री पोराला तेलुगूत पाना मागतो आणि भाग आणणारा कन्नडमध्ये भाव करतो. विजापूर रोडवर बंद पडलेली फियाट पुण्या-मुंबईकडे न पाहता इथेच चालू होई.

आता दुसरी बाजू. ती न सांगता जुन्या गाडीची आरती करणं मला पटत नाही. फियाटसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. स्पर्धाच नव्हती, त्यामुळे कंपनीला गाडी सुधारण्याची घाई नव्हती. चारही चाकांना ड्रम ब्रेक. घाटात उतारावर ते तापले की पॅडलवर पाय कितीही दाबा, गाडी थांबायला तयार नसे. समोरासमोर धडक झाली तर स्टिअरिंगचा खांब थेट छातीत. 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या मारुती 800 ची चावी मालकाच्या हाती पडली आणि लोक तिकडे धावले, यात लोकांचं काही चुकलं नाही. प्रीमियरने निसानचं इंजिन बसवून 118 एनई काढली, नव्वदीत प्यूजोशी भागीदारी केली, पण तोवर काळ पुढे गेला होता. 2000 च्या आसपास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. कुर्ल्यात आज प्रीमियर रोड आहे, त्या नावाची गाडी मात्र कुठे बनत नाही.

नवी गाडी चांगली आहेच. 2018 मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळत होते. ही गाडी रांजणगावला, टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीतल्या कारखान्यात बनते, म्हणजे फियाटचा धागा महाराष्ट्रात पुरता तुटलेला नाही. त्याआधी स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टा या एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या गाड्यांच्या बॉनेटखाली फियाटच्याच 1.3 लिटर डिझेल इंजिनाची घरघर होती. 2020 च्या बीएस-6 नियमांनंतर धूर कमी झाला, एअरबॅग सक्तीच्या झाल्या. या सगळ्याचं मी स्वागतच करतो. तरुण जोडप्याने लहान बाळाला घेऊन रोज फियाटमधून फिरावं, असं मी कधीच म्हणणार नाही.

माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. नवी गाडी आपण विकत घेतो, पण ती दुरुस्त करण्याचा हक्क कंपनी स्वतःकडे ठेवते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, तर तो काय सांगतो हे वाचायला स्कॅनर लागतो आणि बऱ्याच गोष्टींसाठी कंपनीचाच. दिव्याची काच फुटली तर काच मिळत नाही, अख्खा दिवा घ्यावा लागतो. काही भाग असे, की बसवल्यावर संगणकाने त्यांना ओळख दिल्याशिवाय ते चालतच नाहीत. ही तक्रार एकट्यादुकट्या शौकिनाची नाही. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं, हाच ठपका होता. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यातही मोटारी आहेत. पण पोर्टलवर माहिती टाकणं कंपन्यांच्या मर्जीवर सोडून भागणार नाही. त्याला कायदाच हवा. मिस्त्रीच्या मुलाने वर्कशॉप मॅन्युअल मागितलं, तर रास्त किमतीत ते त्याला मिळालंच पाहिजे.

सोलापूरने हे भांडण आपलं मानलं पाहिजे, कारण नव्या गाडीच्या पोटातही सोलापूर आहे. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी 1992 पासून वाढत गेली. तिथले कॅमशाफ्ट देशातल्याच नव्हे, तर परदेशी कंपन्यांच्या इंजिनांतही बसतात. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हना वेळेवर उघडणारा दांडा. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांनी चालत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो, आणि हे लाखभर किलोमीटर चुकता कामा नये.

तो ओततात कसा, हे ऐकण्यासारखं आहे. साचा वाळूचा. ज्या जागी कॅमचं नाक येणार, तिथे साच्यात लोखंडाचे तुकडे आधीच बसवलेले असतात. वितळलेला बिडाचा रस आत गेला की त्या थंड तुकड्यांना लागून तो झटकन गोठतो. झटकन गोठलं की बीड पांढरं आणि कमालीचं कडक होतं. बाकीचा दांडा वाळूत सावकाश निवतो, म्हणून तो करडा राहतो आणि लेथवर कापता येतो. एकाच ओतकामात एकाच दांड्याची दोन वेगळी अंगं तयार होतात, झीज सोसणारं एक आणि हत्यार चालू देणारं दुसरं. पद्मिनीतही कॅमशाफ्ट होता, फक्त तो खाली ब्लॉकमध्ये बसे आणि लांब काड्यांनी वरचे व्हॉल्व्ह ढकली. शिवाजी वर्क्सच्या काळापासून सोलापूरला किर्लोस्करांची फाउंड्रीही आहे. इंजिनाचं बीड ओतण्याची विद्या या गावाच्या अंगात मुरलेली आहे.

आणि विजेच्या गाडीत कॅमशाफ्टच नसतो. व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टन नाहीत, ओतायला ब्लॉक नाही. मोटार, बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स. प्रिसिजनने हे वेळीच ओळखलेलं दिसतं. 2018 मध्ये त्यांनी नेदरलँड्समधली, ट्रकना विजेवर चालवणारी इमॉस ही कंपनी आपल्याकडे घेतली. कारखानदार आपली वाट शोधेल. पण फाउंड्रीतल्या, लेथवरच्या आणि गॅरेजातल्या माणसाचं काय, हा प्रश्न आयटीआयच्या अभ्यासक्रमात आजच उतरायला हवा. बॅटरीचा गठ्ठा उघडायला, त्यातला एक बिघडलेला सेल शोधून बदलायला आपल्या पोरांना शिकवलं नाही, तर दहा वर्षांनी एका सेलपायी आख्ख्या गठ्ठ्याची किंमत मोजावी लागेल.

जुन्या गाडीचा जीव मात्र दुसऱ्याच टोकाने टांगणीला लागला आहे, आणि ते टोकही आमच्याच जिल्ह्यात येतं. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात. उसापासून इथेनॉल आणि ते आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलंच, कारण कारखान्याकडे इथेनॉलचा पैसा लवकर येतो. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला फुगवतं आणि पेट्रोलच्या मानाने त्यात ऊर्जा सुमारे एक-तृतीयांश कमी. फियाटच्या पंपातला पडदा, नळ्या, कार्बोरेटरची सील हे काही इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नाहीत. जुन्या गाड्यांसाठी निदान मोठ्या शहरांत एखाद-दुसऱ्या पंपावर बिनइथेनॉलचं पेट्रोल, महाग का होईना, पण ठेवायला काय हरकत आहे?

2021 च्या नियमांनी 50 वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षांची. पण अशी गाडी रोज वापरायला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती एवढ्याचपुरती ती रस्त्यावर यायची. 1974 ची पद्मिनी या हिशेबात आली, 1985 ची नाही. तिला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. हे सगळं मी आनंदाने भरायला सांगेन. मधल्या वयाच्या गाड्याच सगळ्यात जास्त भंगारात जातात, कारण त्या नव्या नाहीत आणि विंटेजही नाहीत.

म्हणून ज्यांच्या वाड्याच्या चौकात किंवा शेतावरच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली फियाट उभी आहे, त्यांना माझं सांगणं आहे. यंदा दिवाळीला ताडपत्री काढा. आधी आरसी बुक शोधा, कागद नसतील तर पुढचं सगळं अवघड आहे. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला, ब्रेकची सगळी रबरं बदला. आणि चावी लगेच फिरवू नका. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी गाडी न्यूट्रलला ठेवून पंख्याच्या पट्ट्याला धरून इंजिन हाताने फिरवून पाहा. ते मोकळं फिरलं, तर जवळच्या जुन्या मिस्त्रीला निरोप पाठवा. बॅटरी तो आल्यावरच जोडा.