गोदीतले फिटर आणि मशिनिस्ट

मशिनिस्ट: लेथ, मिलिंग, बोअरिंग यंत्रांवर शाफ्ट, बुश, व्हॉल्व्हचे भाग ड्रॉइंगबरहुकूम घडवतो.

मिलराइट फिटर: पंप, इंजिनं, यंत्रं पायावर बसवून त्यांचे शाफ्ट एका रेषेत आणतो. कपलिंगवर डायल गेज लावून शाफ्ट हळूहळू फिरवायचा. काटा जास्त हलला, तर यंत्राच्या पायाखाली पातळ शिम सरकवायची. हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा!

प्रवेश: दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटर किंवा मशिनिस्ट, प्रत्येकी २ वर्षं. पुढे १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह प्रशिक्षण. मुंबईत माझगाव डॉक आणि नौदल गोदी असे उमेदवार घेतात.

तयारी: गणित पक्कं करा, ड्रॉइंग वाचायला शिका. मायक्रोमीटरवर हात बसला, की कोणत्याही कारखान्यात मान मिळतो.