एकट्या पेडाचा राखणदार

डीएनएचे दोन पेड विलग होतात आणि प्रत्येकाच्या साच्यावर नवा जोडीदार घडविला जातो, ही गोष्ट १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी द्विसर्पिलाची रचना मांडल्यापासून सर्वश्रुत झाली आहे. परंतु ताटातूट आणि नवे मीलन यांच्या मधल्या काळात त्या उघड्या पेडावर कोणता प्रसंग गुदरतो, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः तो प्रसंग बिकटच असतो. हेलिकेज नावाचे विकर पेड उलगडीत पुढे जाते, पण उलगडलेले पेड सुटलेल्या वेणीच्या केसांप्रमाणे पुन्हा गुंतू पाहतात, स्वतःवरच दुमडून भलत्याच जोड्या जमवितात, आणि असा बेवारस पेड दिसताच त्याचे तुकडे पाडणारी विकरेही पेशीत असतातच. शिवाय दोहोंपैकी एकाच पेडाची नक्कल सलग होते. दुसऱ्याची तुकड्यातुकड्यांनी करावी लागत असल्यामुळे त्याचा बराच भाग पाळी येईपर्यंत ताटकळत राहतो.

या मधल्या काळाचा बंदोबस्त एकपेडी डीएनएला बिलगणाऱ्या प्रथिनांकडे आहे. ही प्रथिने विकरे नव्हेत. ती बंध जोडीत नाहीत, तोडीत नाहीत, इंधन जाळीत नाहीत, केवळ धरून ठेवतात. त्यामुळेच ती दीर्घकाळ अज्ञात राहिली असावीत, असे मला वाटते. कारण जीवरसायनशास्त्रज्ञ बहुधा प्रथिनाची पारख त्याने घडविलेल्या रासायनिक क्रियेवरून करतो, आणि येथे तर तशी क्रियाच नव्हती. ब्रूस आल्बर्ट्स यांनी निराळी वाट काढली. त्यांनी सेल्युलोजवर डीएनए बसविला, त्यावरून पेशींचा अर्क वाहू दिला, आणि डीएनएला कोण चिकटून राहते एवढेच पाहिले. सौम्य क्षारद्रावणाने न सुटता तीव्र द्रावणानेच सुटणारे एक प्रथिन त्यांना सापडले. ते टी-४ या जीवाणुभक्षक विषाणूच्या ३२ क्रमांकाच्या जनुकाचे होते. हे जनुक बिघडले की विषाणूच्या डीएनएची नक्कल होत नाही, हे आनुवंशिकीच्या अभ्यासकांना आधीच ठाऊक होते. १९७० साली ‘नेचर’मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि दोनच वर्षांत ई. कोलाय जीवाणूतील समधर्मी प्रथिनाचेही वर्णन आले.

हे दुसरे प्रथिन चार समान घटकांचे बनलेले असून पेड त्याच्याभोवती गुंडाळला जातो. कधी सुमारे ३५ न्यूक्लिओटाइडे, तर कधी ६५. त्याची पकड घट्ट असते खरी, पण हटवादी नसते: ते पेडावर सरकू शकते, आणि नक्कल करणारे पॉलिमरेज येताच निमूटपणे जागा सोडते. माझ्या मते खरी करामत या जागा सोडण्यातच आहे, कारण तेच जर अडून बसले असते तर रक्षणाचे रूपांतर अडथळ्यात झाले असते.

मानवी पेशीत हीच जबाबदारी आरपीए नामक त्रिघटकी प्रथिन पार पाडते. नक्कल कोठे खोळंबली की आरपीएने झाकलेला लांब पेडच पेशीला धोक्याची वर्दी देतो. मात्र त्याचा साठा मर्यादित असतो. एकाच वेळी फार पेड उघडे पडून तो संपला, तर गुणसूत्रांवर अनेक ठिकाणी दोन्ही पेड तुटतात आणि पेशी पुन्हा सावरत नाही.