इंजिनचे तेल वाढते तेव्हा

डिझेल इंजिनच्या चेंबरमधील वंगण तेल हळूहळू कमी होत जावयाचे, हा नेहमीचा क्रम होय. थोडे रिंगांवरून चढून जळते, थोडे पॅकिंगमधून पाझरते. त्यामुळे महिनाभर इंजिन चालूनही पट्टीवरील खूण ढळली नाही, किंवा उलट दोन सूत वर सरकली, तर मालकास समाधान वाटते. यंदा तेलाचा खर्च वाचला, असे तो म्हणतो. वस्तुतः चिंता करण्याची वेळ हीच होय. कोणी तेल ओतले नसता ते वाढले, याचा अर्थ त्यात दुसरे काही तरी येऊन मिळाले आहे. ते बहुधा डिझेल असते. क्वचित पाणी असते.

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर या संत्र्याच्या मुलखात या दोषाकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे. आंबिया बहारासाठी बागायतदार डिसेंबरच्या सुमारास झाडे ताणावर सोडतात व जानेवारीत पाणी देऊन ताण तोडतात. एकदा पाणी सुरू झाले की पाळी चुकवून चालत नाही. चुकल्यास फुले व बारीक फळे गळतात. वीज आता शिवारात पोचली आहे, सौर पंपही आले आहेत. तरी वीज नसलेल्या घटकेला विहिरीवरचे जुने डिझेल इंजिनच कामास येते. ते अनेक महिने उभे असते, आणि नेमके कडाक्याच्या थंडीत पहाटे सुरू केले जाते. नागपूरची थंडी काही वेळा किती उतरते, हे २९ डिसेंबर २०१८ रोजी दिसले. त्या दिवशी शहरात ३.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली.

थंडीचा व तेलाचा संबंध असा आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टनने दाबलेली हवा तापते व त्या उष्णतेने डिझेलचे तुषार पेट घेतात. सिलिंडर थंड असेल तर सर्व तुषार जळत नाहीत. काही भिंतीवर बसतात, तेथील तेलाचा थर धुऊन काढतात आणि रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरतात. पुढे इंजिन चांगले तापले तर त्यातील काही भाग वाफ होऊन निघून जातो. पण पुष्कळ ठिकाणी इंजिनला तापूच दिले जात नाही. पंपाच्या पाण्याची एक नळी सरळ इंजिनला जोडलेली असते व तेच पाणी फिरून पाटात पडते. बाहेर पडणारे पाणी गार लागले की इंजिन सुखात आहे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. बाहेर येणाऱ्या पाण्यात हात फार वेळ ठेवता येऊ नये, इतके ते ऊन असावे. साधारणपणे ६० ते ७० अंश. मेकरच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. नळीवर कॉक बसवून पाणी बेताने सोडले की हे साधते. मात्र कॉक पूर्ण बंद करू नये; तसे केल्यास इंजिन तापून पिस्टन धरेल.

डिझेल मिसळल्याने तेल पातळ होते आणि क्रँक व बेअरिंग यांना अलग ठेवणारा थर तुटू लागतो. शेकडा ५ च्या पुढे डिझेल गेले तर ते तेल बदललेच पाहिजे, असा सर्वसाधारण संकेत आहे. चेंबरमध्ये ४ लिटर तेल मावत असेल तर हे प्रमाण २०० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन कप एवढेच होते. दुसरा धोकाही लहान नाही. तेलाची पातळी फार चढली तर ते सिलिंडरमध्ये ओढले जाऊन इंधनासारखे जळते. मग डिझेल बंद केले तरी इंजिन थांबत नाही. त्याचा वेग वाढत जातो.

परीक्षेचा आरंभ तेलाच्या पट्टीपासून करावा. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, पट्टी पुसून पुन्हा घालावी व खूण वहीत लिहावी. रोज याच पद्धतीने पाहिले तरच चढउतार कळतो. एरवी आज गरम इंजिन व उद्या थंड इंजिन पाहिल्याने भ्रम होतो. रंगावरून निवाडा करू नये. डिझेल इंजिनमधील तेल थोड्याच तासांत काळे होते. तो काजळीचा रंग असून दोष नव्हे. दुधाळ रंग मात्र पाण्याचा. शंका असल्यास त्या तेलाचा एकच थेंब गरम तव्यावर टाकावा. तडतडला तर पाणी आहे. तवा आधी चुलीवरून उतरवून विस्तवापासून दूर न्यावा व तोंड लांब ठेवावे, कारण डिझेल मिसळलेले तेल लवकर पेट घेते.

वास घेऊन पाहणे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्याने नुकतेच टाकीत डिझेल भरले, त्याच्या बोटांना तोच वास येणार. हात साबणाने धुऊन, डब्यातील नव्या तेलाशी ताडून पाहावे. यापेक्षा टिपकागदाची परीक्षा बरी. पट्टीवरचा एक थेंब टिपकागदावर सोडून तो रात्रभर सपाट ठेवावा. काजळी मध्यावर राहते व तेल भोवती पसरते. त्याच्याही बाहेर फिकट, पारदर्शक कडे उमटले तर डिझेलचा संशय घ्यावा.

आणखी एक साधी तुलना आहे. एकाच मापाच्या दोन काचेच्या बाटल्या घ्याव्यात. एकीत इंजिनमधील व दुसरीत त्याच ग्रेडचे नवे तेल सारखे भरावे, वर बोटभर जागा सोडावी. दोन्ही बाटल्या तासभर सावलीत शेजारी ठेवून एकदम उलट्या कराव्यात. हवेचा बुडबुडा ज्या बाटलीत झटकन वर येईल, ते तेल पातळ. मात्र काजळीने तेल दाट होते व डिझेलने पातळ, म्हणून दोन दोष एकमेकांस झाकू शकतात. बाटल्या सारख्या निघाल्या आणि पट्टी चढलेली असली, तर पट्टीवर विश्वास ठेवावा.

डिझेल आहे असे ठरल्यावर ते कोठून आले, हे शोधावयाचे. टाकी उंचावर असलेल्या इंजिनात रात्री इंजिन उभे असताना कॉक उघडा ठेवून सकाळी पट्टी पाहावी. दुसऱ्या रात्री कॉक बंद ठेवावा. उघड्या कॉकवर पातळी चढली व बंद कॉकवर चढली नाही, तर झिजलेल्या फ्युएल पंपाकडे बोट जाते. पातळी केवळ चालू इंजिनातच वाढत असेल, तर नोझल, रिंगा व गार पाणी यांकडे पाहावे. काळा धूर आणि ठोक्याचा आवाज असेल तर नोझल डिझेल फवारण्याऐवजी टपकवीत असण्याचा संभव असतो. ते मिस्त्रीकडून टेस्टरवर तपासून घ्यावे. शेतावर नोझल उघडून फवारा हातावर घेऊन पाहणारे काही हौशी आढळतात. सुमारे २०० किलोचा तो दाब असतो. तुषार कातडीतून आत शिरतात आणि पुढे बोट गमवावे लागते. ट्रॅक्टरमध्ये इंजिनवर बसविलेला फीड पंप व व्हॉल्व्हच्या झाकणाखालील डिझेलच्या परतीच्या नळ्या हीही तपासण्याची स्थळे आहेत. काही आधुनिक इंजिने धुराड्यातील काजळी जाळण्यासाठी जादा इंधन सोडतात. त्यांच्या बाबतीत पुस्तिकेप्रमाणेच वागावे.

कारण दूर केल्यावाचून तेल बदलणे म्हणजे नवे तेल वाया घालविणे होय. दुरुस्ती झाली की जुने तेल इंजिन गरम असताना डब्यात काढावे, फिल्टर बदलावा आणि नवे तेल वरच्या खुणेपर्यंतच भरावे. काढलेले तेल विहिरीच्या काठी सांडू देऊ नये. नंतरचे दहा तास इंजिन भाराखाली, पाणी ऊन ठेवून चालवावे व पट्टीची खूण वहीतील जुन्या नोंदीखाली लिहावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम ताण तोडण्याच्या आठवडाभर आधी, डिसेंबर अखेरच्या फेरीत बागायतदारांकडून करवून घ्यावे. त्या वेळी काटोलचा मिस्त्री मोकळा सापडतो. जानेवारीच्या मध्यास तो सापडत नाही.